रात्री नऊला नेट रखडतं? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

दिवसा सुरळीत चालणारं नेट रात्री आठ-नऊनंतर अडखळायला लागलं, की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो: शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेवर न्यायचा. कोंडी कुठे आहे हे न बघता पैसे भरणं ही सगळ्यात मोठी चूक.

सोसायटीत आलेली फायबर एकट्या आपली नसते. जीपॉन पद्धतीत, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याच्या पद्धतीत, ऑपरेटरकडच्या एका पोर्टवरचा सुमारे 2.5 जीबीपीएस डाउनलोड स्प्लिटर (फायबरला फाटे फोडणारं साधन) लावून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. 64 घरांनी शंभरचा प्लॅन घेतला, तर बेरीज होते 6.4 जीबीपीएस. सगळे एकदम पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून एरवी भागतं. पण जेवणं उरकून घरोघरी मॅच लागली, त्यात ऑपरेटरने पुढची लाइनच तोकडी घेतलेली असली, की सगळ्यांचंच नेट रखडतं. तिथे तुमचा दोनशेचा प्लॅन फारसं काही करू शकत नाही.

दुसरी चूक, बेडरूममधून वाय-फायवर स्पीड टेस्ट करून ऑपरेटरला दोष देणं. 2.4 गिगाहर्ट्‌झवर वाय-फायला एकमेकांत न मिसळणारे चॅनल (लहरींचे मार्ग) तीनच: 1, 6 आणि 11. इमारतीतले सगळे राउटर त्यांवरच गर्दी करतात. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि मग मोजा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. केबलवर रात्रीही वेग ठीक असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. 5 गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे राउटरच्या दुसऱ्या वाय-फाय पट्ट्यावर, या. स्पीड टेस्टचा सर्व्हर अनेकदा ऑपरेटरच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे आकडा छान दिसूनही व्हिडिओ अडकू शकतो. म्हणून सर्व्हर बदलूनही बघा.

सर्वांत दुर्लक्षित चूक अपलोडची. मुलाचा ऑनलाइन क्लास चालू आहे आणि शेजारी चार्जिंगला लावलेला फोन लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय. डाउनलोड मोकळा आहे, तरी क्लासमधला आवाज तुटतो. अपलोड भरला की राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत साठवत जातो आणि क्लासची पॅकेटही त्याच रांगेत अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. हे पाच मिनिटांत पकडता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 8.8.8.8 (गूगलचा सर्व्हर) ला पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा, मग मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा पिंग करा. 10-20 मिलिसेकंदांचा आकडा दोनशे-तीनशेवर गेला, तर दुखणं हेच. क्लासच्या वेळी बॅकअप थांबवा. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल, तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर बांधा. रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि बोलणं तुटत नाही. माझ्या मते नव्या प्लॅनआधी यावर वेळ घालवावा.

राउटर बंद-चालू केल्याने संध्याकाळची कोंडी सुटत नाही, तो नाद सोडा.

दोष बाहेरचाच निघाला, तर ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. चार-पाच दिवसांच्या वेळा, केबलवरचा वेग आणि पिंग लिहून द्या, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही, तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.