जहाजबुडीची गोष्ट सांगताय? या चुका टाळा

शिडाच्या जहाजांवर लिहिताना एक वाक्य हमखास पडतं: 'अचानक वादळ उठलं आणि बघता बघता जहाज समुद्राच्या पोटात गडप झालं.' ऐकायला झकास. पण त्या काळची कागदपत्रं उघडली की वादळ बहुतेक वेळा शेवटचा धक्का देणारं निघतं. बिघाड त्याआधी, कधी कधी बंदरातच, होऊन बसलेला असतो.

सगळं वादळावर ढकलणं

स्वीडनचं 'वासा' हे युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघालं. जेमतेम १३०० मीटर गेलं असेल. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं आणि किनाऱ्यावर निरोप द्यायला जमलेल्या गर्दीसमोर ते तळाशी गेलं. यात वादळ कुठे? वरचा भाग जड, ६४ तोफांचा भार, आणि तळातलं नीरम, म्हणजे जहाज सरळ राहावं म्हणून भरायचे दगड, अपुरं. आणखी दगड भरावेत तर तोफांच्या खालच्या झडपा पाण्याला टेकायला आल्या असत्या. गंमत अशी की हे आधीच कळलं होतं. ३० माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली, तेव्हा जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज नाही थांबवलं.

दुसरं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजाचं. 'सांव जुआंव' (गोव्याच्या सांजांव सणाशी नाव जुळतं) हे पोर्तुगीज जहाज १५५२ साली कोचीनहून लिस्बनला निघालं ते फेब्रुवारीत. मिरी भरता भरता उशीर झाला होता. आफ्रिकेचं दक्षिण टोक तिकडचा हिवाळा लागायच्या आत ओलांडायचं तर डिसेंबर-जानेवारीत निघायला हवं. त्यात शिडं जुनी, फाटकी, वाटेत शिवत बसावी लागणारी. टोकाजवळ वादळाने गाठलं, सुकाणू आणि डोलकाठ्या गेल्या आणि जूनमध्ये जहाज आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलं. वादळ होतंच. पण नारळी पौर्णिमेआधी होडी लोटू नये हे ज्या कोकणात पोरांनाही ठाऊक असतं, तिथल्या वाचकाला खरं कारण फेब्रुवारी हे होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

म्हणून आधी तीन गोष्टी शोधा: निघाल्याची तारीख, भरलेला माल, शिडांची अवस्था. हवामान त्यानंतर.

'किती बुडाले?' एवढंच विचारणं

'सांव जुआंव'वरची सुमारे ५०० माणसं जिवंत किनाऱ्याला लागली होती. पुढे उत्तरेकडे पायी निघाली, आणि भूक, आजार, चकमकी यांत महिन्यांमागून महिने गळत गेली. मोझांबिकला पोचली ती २५ च्या आसपास. समुद्राने घेतले त्याहून जमिनीने जास्त घेतले. १६२९ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या खडकांवर फुटलेल्या डच 'बटाव्हिया'चंही तसंच: बुडाले त्याहून कितीतरी जास्त लोक नंतर बेटांवर बंडखोरांनी मारले.

दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर घाबरू नका. २९ ऑगस्ट १७८२ रोजी इंग्लंडच्या स्पिटहेडला नांगरलेलं 'रॉयल जॉर्ज' दुरुस्तीसाठी मुद्दाम कलतं केलेलं असताना बुडालं. खलाशांना भेटायला आलेल्या बायका-मुलांची हजेरीपटावर नोंद नसायची. मग नेमका आकडा येणार कुठून? 'आठशेहून अधिक' असं लिहा आणि पुढे चला.

तारीख जुळत नसली तर

ही माझी स्वतःची फजिती. १७०७ साली इंग्लंडच्या नैऋत्येला सिली बेटांच्या खडकांवर अ‍ॅडमिरल शॉव्हेलची चार जहाजं फुटली. एका ठिकाणी २२ ऑक्टोबर, दुसरीकडे २ नोव्हेंबर. मी बरेच दिवस हे दोन वेगळे अपघात समजत होतो! इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं पंचांग चालू होतं, ते तेव्हा आजच्या पंचांगाच्या ११ दिवस मागे. शिवाय इंग्रजी कायद्यातलं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदीत साल एकाने कमी दिसतं. याहून चकवणारा प्रकार रोजनिशीचा: इंग्रजी जहाजावर दिवस आदल्या दुपारी बारालाच सुरू व्हायचा. म्हणजे किनाऱ्यावरच्या २२ तारखेची संध्याकाळ जहाजाच्या वहीत २३ तारखेत सापडते.

सिलीबद्दल आणखी एक. 'रेखांश मोजता येत नव्हता म्हणून जहाजं फुटली, म्हणून १७१४ चा रेखांश कायदा (रेखांश मोजायची रीत शोधणाऱ्याला बक्षीस देणारा) आला' ही फार गुळगुळीत गोष्ट आहे. वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा पुढे तपासल्या तेव्हा अक्षांशाच्या मोजणीतही मोठ्या चुका निघाल्या. होकायंत्रांची अवस्था वाईट होती. आणि इशारा देणाऱ्या खलाशाला अ‍ॅडमिरलने फासावर लटकवल्याची कथा बरीच नंतरची आहे, तेव्हाचा पुरावा तिला नाही. ती टाकायचा मोह आवराच.

टन, आणि 'बुडालं' हा शब्द

'१००० टनांचं जहाज' म्हणजे त्याचं वजन तेवढं नव्हे. टन हे मुळात दारूच्या मोठ्या पिंपाचं माप, म्हणजे पोटात माल किती मावेल याचा अंदाज. आपल्याकडे तारवं खंडीत मोजायचे, तसंच.

आणि सगळीच जहाजं 'बुडवू' नका. खडकावर आपटलं ते फुटलं, भर समुद्रात पाणी शिरून गेलं ते बुडालं, परत आलंच नाही ते बेपत्ता. मराठीत तिन्ही शब्द आहेत.

नाणं सापडलं, साल मिळालं?

२००८ साली नामिबियात ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणीत एक पोर्तुगीज जहाज सापडलं. सोन्याची २००० हून अधिक नाणी. बातम्या अर्थातच सोन्याच्या झाल्या. नाण्यावरून फक्त एवढंच कळतं की जहाज त्याच्या आधी बुडालेलं नाही. जुनं नाणं खिशात पन्नास वर्षंही राहतं. इथे नशीब थोर, कारण काही नाणी पोर्तुगालने १५२५ ते १५३८ एवढ्याच काळात पाडलेली आणि नंतर परत घेऊन वितळवलेली होती. म्हणून अंदाज १५३३ साली लिस्बनहून निघालेल्या 'बॉम जेझुश'वर येऊन थांबला. पण जहाजाचा खरा माल सोनं नव्हता. टनावारी तांबं होतं, अर्धगोल लाद्यांच्या रूपात, प्रत्येकीवर जर्मनीच्या फुग्गर सावकारांचा त्रिशूळ. निघालं होतं ते हिंदुस्थानात, मिरीच्या मोबदल्यात द्यायला.