अक्कलदाढ काढल्यावर जेवणाचं काय?

जपायची असते ती दाढेच्या जागी पडलेल्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी. ती निघाली की हाड उघडं पडतं (याला ड्राय सॉकेट म्हणतात) आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. म्हणून पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही. स्ट्रॉ तर आठवडाभर नकोच, ओढण्यानेच गुठळी सुटते. तंबाखूसाठी प्रसिद्ध निपाणीकडच्या मंडळींना कळकळीची विनंती: तंबाखू-विडी किमान ३ दिवस बंद, आठवडा जमला तर फारच चांगलं.

बधिरपणा उतरल्यावरच खा, नाहीतर गाल चावला जातो. सुरुवातीला नाचणीच्या आंबिलीसारखं दुसरं काही नाही. २ चमचे पीठ गार पाण्यात कालवून दीड कप उकळत्या पाण्यात ओता, ढवळत शिजवा, पूर्ण निवल्यावर ताक घाला. तिखट नको. गरम प्यायलात तर रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, घोटलेलं वरण, दुसऱ्या बाजूने. चुरमुरे, शेंगदाण्याची चटणी, तीळ मात्र लांबच ठेवा, कण खड्ड्यात बसतात. कुंदाही (बेळगावची दुधाची मिठाई) दाणेदार, थांबा थोडं.

२४ तासांनंतर प्रत्येक जेवणावर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात घ्या. खळखळवू नका, मान कलती करून पाणी आपोआप बाहेर पडू द्या. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं तर लगेच डेंटिस्टकडे जा.