जॅक द रिपर म्हणे राजपुत्र होता! अशी थिअरी तपासायची कशी

चवथीला आरत्या आटपल्या, नेवऱ्यांचा डबा मधे आला की आमच्याकडे कोणीतरी मोबाईल काढतोच आणि ‘अरे तो जॅक द रिपर शेवटी सापडला’ म्हणून सुरू होतो, म्हणजे लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला तो खुनी. कधी राजपुत्र, कधी चित्रकार, कधी लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरल. ऐकायला मजा येते, पण थिअरीत दम आहे की नुसती हवा हे घरबसल्या तपासता येतं. कागद, पेन आणि थोडा चिवटपणा पुरे.

आधी नाव विसरा, खुनांचा कागद करा

सगळे उलटं करतात, आधी माणूस आवडतो आणि मग पुरावे शोधतात. तुम्ही आधी तारखा लिहा. 1888 साल, लंडनचा व्हाइटचॅपल भाग. 31 ऑगस्टला मेरी ॲन निकोल्स, 8 सप्टेंबरला ॲनी चॅपमन, 30 सप्टेंबरला एकाच रात्री एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज, 9 नोव्हेंबरला मेरी जेन केली. पोलिसांच्या फायलीत मात्र एप्रिल 1888 ते फेब्रुवारी 1891 असे 11 खून आहेत, पाचच त्याचे हे मॅकनॉटन नावाच्या अधिकाऱ्याने 1894 च्या टिपणात लिहिलं आणि पुढे तेच चिकटलं. म्हणून थिअरीवाला सोयीप्रमाणे एखादा खून गाळतोय किंवा घुसडतोय का ते बघा. कुठले खून एकाचे हे ठरवणं किती अवघड ते आपल्याला गोव्यात वेगळं सांगायला नको, 2009 ला बायकांना दुपट्ट्याने गळा आवळून मारणारा ‘दुपट्टा किलर’ पकडला जाईपर्यंत त्या बायकांच्या केसेस एकमेकींना जोडल्याच गेल्या नव्हत्या.

मग माणूस तिथे होता का ते बघा

बहुतेक थिअऱ्या इथेच मरतात. राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर 30 सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये आजीकडे, म्हणजे खुद्द राणी व्हिक्टोरियाकडे होता, राजघराण्याच्या दैनिक नोंदीत ते छापलेलं आहे. संपला विषय. चित्रकार सिकर्ट सप्टेंबरमध्ये फ्रान्सला होता असं घरच्यांच्या पत्रांतून दिसतं. मॅकनॉटनच्या टिपणातल्या संशयितांपैकी ऑस्ट्रॉग तर तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता आणि हे कळायला शंभर वर्षं गेली!

पण उलट बाजूनेही कडक राहा. ड्रुइट नावाचा वकील 8 सप्टेंबरला ब्लॅकहीथला क्रिकेट खेळला म्हणून लोक त्याला सोडून देतात, तर मॅच सकाळी साडेअकराची, चॅपमनचा मृतदेह सापडला सहाच्या सुमारास, आणि अंतर काही तासांत सहज कापता येईल एवढंच. हा अलिबाय नव्हे.

संशय आला कुठून, आणि कधी

राजपुत्राचं नाव गाजलं 1970 मध्ये, तो वारला 1892 ला. मधल्या काळात काय होतं ते विचारा. ड्रुइटचं नाव निदान पोलिसाने लिहिलंय, पण मॅकनॉटन नोकरीला लागला 1889 मध्ये, खुनांनंतर, आणि ड्रुइटला त्याने 41 वर्षांचा डॉक्टर करून टाकला. तो होता 31 चा, वकिली आणि शाळामास्तरकी करणारा. ज्याला वय आणि धंदा माहीत नाही त्याच्याकडची आतली बातमी किती आतली?

तोच पुरावा दुसऱ्याला लावून बघा

ही माझी सगळ्यात आवडती स्टेप. कॅरलच्या लिखाणातली अक्षरं उलटसुलट करून कबुलीजबाब काढला होता कोणीतरी. आजच्या पेपरचा अग्रलेख घ्या आणि तेच करा, दुपारपर्यंत गावचा सरपंचही खुनी निघेल. डीएनएचंही तसंच. एडोजची म्हणून दाखवली जाणारी शाल तिच्या सामानाच्या पोलीस यादीत नाही, आणि त्यावरचा मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा, डीएनए हजारो लोकांशी जुळू शकतो. रिपरच्या नावाने आलेल्या पत्रांपैकी एकावर सिकर्टचा डीएनए मिळाला असं धरलं तरी त्याने पत्र लिहिलं एवढंच सिद्ध होतं, आणि ती पत्रं बहुतेक टवाळखोरांचीच.

खरी परीक्षा: लेचमीअर

आता असा एक घ्या जो पहिल्या चाळणीत पडत नाही. चार्ल्स लेचमीअर, पिकफर्ड्स कंपनीचा गाडीवान, पहाटे कामाला जाताना बक्स रो या रस्त्यावर निकोल्स त्यालाच आधी दिसली. आपल्याकडे पोदेर (पाववाला) पहाटे सायकल घेऊन निघतो आणि वाटेत काही दिसलं तर पहिला तोच सापडणार, तसं. म्हणजे तिथे असणं हा गुन्हा नाही.

मग विरोधात काय? एक, त्याने चौकशीत नाव क्रॉस सांगितलं. पण ते सावत्र बापाचं आडनाव, आणि घरचा पत्ता, कामाची जागा दोन्ही खरीच दिली, लपायचं असतं तर हे का दिलं असतं? दोन, घरून साडेतीनला निघाला तर प्रेताजवळ इतका उशीर कसा, मधली मिनिटं गेली कुठे. इथे घाई करू नका, सगळ्यांच्या वेळा शेजारी शेजारी लिहा. लेचमीअरच्या मागून आलेला पॉल नावाचा माणूस पेपरच्या बातमीदाराला म्हणाला बरोबर पावणेचार. दुसऱ्या बाजूने येऊन प्रेत बघणारा हवालदार नील म्हणतो पावणेचार. लेचमीअर आणि पॉलने जाऊन ज्याला सांगितलं तो हवालदार मायझन, तोही पावणेचारच म्हणतो! तिघंही बरोबर असूच शकत नाहीत. जिथे घड्याळंच जुळत नाहीत तिथे पाच-सात मिनिटांवर माणूस लटकवणं मला पटत नाही.

तीन, बाकीचे काही खून त्याच्या कामाच्या वाटेवर किंवा आईच्या घराजवळ पडतात म्हणे. पडतातच, पण त्या भागात पहाटे राबायला निघणारे शेकडो होते, त्यांच्याही वाटा काढा.

निकाल लिहा, टक्के नको

तीन खण करा: बाद, शक्य, आणि शक्य पण पुरावा नाही. राजपुत्र आणि ऑस्ट्रॉग बाद, सिकर्ट जवळपास बाद, ड्रुइट आणि लेचमीअर तिसऱ्या खणात. प्रत्येक नावापुढे काय मिळालं तर खण बदलाल तेही लिहून ठेवा. लेचमीअरपुढे मी लिहिलंय, पिकफर्ड्सची 1888 ची हजेरी. 30 सप्टेंबरचे दोन खून रात्री एक ते पावणेदोनच्या सुमाराचे आणि दिवस रविवार, त्याच्या रोजच्या कामाच्या वेळेत ते बसतच नाहीत, तेव्हा त्या रात्री तो कुठे होता हे सांगणारा एखादा कागद सापडला तर मी लगेच खण बदलेन, इकडे किंवा तिकडे.