टार्गेट हुकलं म्हणून बेसिकवर पाणी सोडू नका: या चुका टाळा

पुण्यात खराडी असो की बाणेर, टेलिकॉलिंग आणि फील्ड सेल्सच्या नोकऱ्यांत महिनाअखेरीला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टार्गेट नाही, मग पगार कसला?"

ते खरं मानणं ही पहिली चूक. ऑफर लेटरवर बेसिक (मूळ पगार) आणि इन्सेंटिव्ह (टार्गेटवरची जादा रक्कम) वेगवेगळे लिहिले असतील, तर टार्गेटचा संबंध इन्सेंटिव्हशी. बेसिक हजेरीचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पगारातून काय कापता येतं याची यादीच आहे: गैरहजेरी, ॲडव्हान्स, पीएफ वगैरे. हुकलेलं टार्गेट त्यात नाही. "सही केलीय ना?" असं दरडावतील; पण संहितेनुसार मिळणारी रक्कम सोडून देणारा करार तिथेच रद्दबातल ठरतो.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक: पुरावा ऑफिसातच ठेवणं. राजीनामा दिला की त्याच दिवशी लॉगिन बंद होतं, टीम लीडर ग्रुपमधून काढतो, आणि हजेरी त्यांच्याच मशीनमध्ये राहते. म्हणून नोकरीत असतानाच ऑफर लेटर, पंचिंगचे स्क्रीनशॉट, रोजचं रिपोर्टिंग आणि आधीच्या पगाराचं बँक स्टेटमेंट स्वतःकडे घ्या. ग्राहकांचा डेटा मात्र उचलू नका, उलट तक्रार तुमच्यावर येईल. मागणी फोनवर नको, मेलवर करा, आणि त्यात रडगाणं नको: "मार्चमध्ये मी 24 दिवस हजर होते. ऑफर लेटरनुसार बेसिक 15,000 रुपये. 7 एप्रिल उलटूनही रक्कम जमा नाही. कारण लेखी कळवा." मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा असतो, म्हणून ती तारीख लिहायचीच.

वैतागून जाणंच बंद करू नका. मग तुम्हाला 'ॲबस्काँडिंग', म्हणजे न कळवता पळून गेलेले, ठरवायला ते मोकळे. राजीनामा मेलने द्या. त्यानंतर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. अनुभवपत्राच्या लालचेने 'काही येणं बाकी नाही' या कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करणं म्हणजे निव्वळ भोळेपणा.

'कमिशन एजंट' असं पत्र दिलंय म्हणून गप्प बसणारेही पुष्कळ. शिफ्ट, हजेरी, रजेची परवानगी सगळं कंपनी ठरवत असेल, तर नुसत्या नावाने प्रश्न मिटत नाही.

पोलीस चौकीत हेलपाटे घालण्यापेक्षा शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तोवर कंपनीच गाशा गुंडाळू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.