लेझर आणि क्वांटम ऑप्टिक्समध्ये यायचंय? वसमतकडच्या एका पोरीचा अनुभव

मागच्या महिन्यात गावाकडच्या तीन-चार पोरापोरींचे मेसेज आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई, औंढ्याला ते लिगो, गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र, होणार म्हणतात, त्यात लागायला काय शिकावं लागतं? प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी वसमत तालुक्यातली, घरी हळद आणि थोडा ऊस, तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी, नांदेडला विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स, आणि आता पीएचडीचं चौथं वर्ष चालूय, एकेकट्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर, काम करते.

परीक्षा, फॉर्म, फेलोशिप हे सगळं सांगते, पण आधी एक गोष्ट, कारण माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं.

पीएचडीच्या माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला समोर पाच जण बसलेले. मी न्यूटन्स रिंग्जची, म्हणजे सपाट काचेवर लेन्स ठेवली की दिसणाऱ्या काळ्या-उजेडी वलयांची, डेरिव्हेशन घोकून गेलेली, फळ्यावर चटाचटा लिहिली. एका सरांनी विचारलं, मधला ठिपका काळा असतो की उजेडाचा? म्हटलं काळा, कारण तिथं पाथ डिफरन्स शून्य आणि खालच्या काचेवरून परावर्तन होताना फेज (लहरीचा टप्पा) π नं बदलतो. ते म्हणाले बरोबर, पण तुम्ही स्वतः बघितला तेव्हा कसा होता? मी गप्प. कारण मी तो बघितलाच नव्हता. आमच्या कॉलेजात सोडियम लॅम्प बंद पडलेला होता, दोन वर्षं कुणी दुरुस्त केला नाही आणि आम्ही सगळ्यांनी मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली होती, मार्क मात्र वीसपैकी एकोणीस. त्यांनी पुढचं विचारलं, कधी कधी मधला ठिपका उजेडाचा दिसतो, का? मला येईना. उत्तर एवढंच होतं की लेन्स आणि काचेच्या मध्ये धूळ अडकली की त्या नीट टेकत नाहीत. ज्यानं एकदा तरी मायक्रोस्कोपला डोळा लावला असेल आणि रुमालानं काच पुसली असेल त्याला हे झोपेत येतं. मला आलं नाही, सिलेक्शनही झालं नाही.

परत येताना गाडीत रडले, खोटं कशाला सांगू. मग नांदेडच्या सरांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी लॅबची किल्ली हातात ठेवली, म्हणाले बस इथं महिनाभर. बसले. मायकेलसन इंटरफेरोमीटर (प्रकाशाचे दोन भाग दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणायचं यंत्र, त्यात काळ्या-उजेडी पट्ट्या दिसतात), न्यूटन्स रिंग्ज, ग्रेटिंग (बारीक समान रेघांची काच), सगळं परत, एकटीनं, रीडिंग चुकलं तर का चुकलं हे वहीत लिहून. मायकेलसनच्या पट्ट्या दिसायला मला दोन दिवस लागले, आणि दिसल्यावर कुणी दार आपटलं तरी त्या थरथरायच्या, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हे यंत्र काय मोजतंय. पुढच्या वर्षीच्या इंटरव्ह्यूत मी हीच थरथर सांगितली आणि नंतर पाऊण तास त्यावरच चर्चा झाली.

लिगो म्हणजे तोच मायकेलसन, फक्त त्याचे दोन हात ४-४ किलोमीटर लांब आणि आत १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर, जो डोळ्याला दिसत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लिगोंनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच बसलेला हेलकावा, पकडली, तेव्हा त्या हातांच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान होता. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, पुण्याचं आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरचं आयपीआर या संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हे करतायत. नागनाथाच्या दर्शनाला आपण लहानपणापासून जातो, त्याच औंढ्याच्या शिवारात हे यंत्र उभं राहणारय. मला याचा फार अभिमान वाटतो. पण पोरांनो, औंढ्याला नोकरी म्हणून याकडे बघू नका. त्यातली कामं लेझर, व्हॅक्युम, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटिंग अशी आहेत, ती येणारा माणूस कुठंही चालतो, आणि न येणाऱ्याला घर शेजारी असूनही उपयोग नाही.

त्यातलं क्वांटम ऑप्टिक्स कुठंय तेही सांगते, कारण हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रकाश अगदी बंद केला तरी पोकळीत एक मूळचा गोंधळ उरतो, तो क्वांटम नियमानं शून्य करताच येत नाही. पण हळदीचं पोतं एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूला फुगतं ना, तसं हा गोंधळ एका राशीत दाबून दुसरीत फुगू देता येतो, म्हणजे फेजमधला कमी करायचा आणि तीव्रतेतला वाढू द्यायचा. याला स्क्वीझ्ड लाईट म्हणतात. लिगोत हा २०१९ पासून नेहमीच्या निरीक्षणांत वापरतात, आणि २०२३ पासून तर ३०० मीटरची एक वेगळी कॅव्हिटी (समोरासमोरच्या आरशांची जागा) लावून कुठल्या फ्रिक्वेन्सीला कोणती बाजू दाबायची हेही ठरवतात. पुस्तकातलं अनिश्चिततेचं तत्त्व यंत्राचा पार्ट होऊन बसलंय, याच्याहून सुंदर काय असतं सांगा.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एका क्रिस्टलमध्ये सोडायचा, त्यातल्या कोट्यवधी फोटॉनांमधून एखादा फुटून त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात, ती जोडी एकमेकांत गुंतलेली असते, म्हणजे दोघांवरची मोजमापं एकमेकांशी जुळतात. या गुंतलेल्या फोटॉनांच्या प्रयोगांसाठीच २०२२ चं नोबेल अॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं. ऐकायला भारी वाटतं पण पहिले दोन आठवडे मी फक्त त्या फोटॉनांना फायबरमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्यात, घालत होते. फायबरचा गाभा ५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भाग पण नाही, आणि ८१० चा एकेक फोटॉन डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. मग काय करतात, फायबरच्या दुसऱ्या टोकातून साधा लाल लेझर उलटा सोडतात आणि तो क्रिस्टलवर जिथं जांभळा ठिपका पडलाय बरोबर तिथंच आणतात. दोन आरसे, प्रत्येकाला दोन स्क्रू, एक अलीकडचा हलवायचा, एक पलीकडचा, परत अलीकडचा. लॅबमध्ये याला बीम वॉक करणं म्हणतात. अकराव्या दिवशी रात्री सव्वानऊला काउंटरवर जोड्यांचा आकडा ३ वरून ४० वर गेला, मग ४०० वर, आणि मी स्क्रूवरचा हात काढायला घाबरत होते. घरी फोन केला तर अण्णा म्हणले, "काय झालं गं माय, रडायलीस काय?" म्हटलं नाही अण्णा, उजेड सापडला.

तर या क्षेत्रात हात लागतो, आणि हात सरावानंच येतो, बीएस्सीच्या लॅबमध्ये सुद्धा येतो.

सेफ्टीचं सांगते, हे कुणी नीट सांगत नाही. लेझर टेबलाजवळ अंगठी, घड्याळ, बांगड्या काढूनच जायचं, त्यावरून बीम उडतो. डोळे कधीही बीमच्या उंचीला आणायचे नाहीत, खाली काही पडलं तर टेबलाकडे पाठ करून वाकायचं. आणि न दिसणारा लेझर दिसणाऱ्यापेक्षा जास्त घातक, कारण डोळा मिटायची वेळच कळत नाही. गॉगल त्या तरंगलांबीचाच पाहिजे, कोणताही रंगीत गॉगल चालत नाही.

परीक्षांचं थोडक्यात. बीएस्सीनंतर आयआयटी किंवा आयआयएससीत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेशपरीक्षा. एमएस्सीनंतर पीएचडीला सीएसआयआर नेट, गेट, जेस्ट या देशपातळीवरच्या परीक्षा. जमतील त्या सगळ्या द्या, एकीवर बसू नका. नेटमधून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. घरी सांगताना हा आकडा सांगा, पण हेही सांगा की फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने अडकते. माझी पाच महिने अडकली होती, मेसचे पैसे मैत्रिणीनं भरले. पहिली फेलोशिप आली की त्यातले निदान दोन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. इंग्रजीची भीती असेल तर इंटरव्ह्यूत आधी आकृती काढा आणि मग आकृतीकडे बोट करून बोला, मी तसंच केलं, वाक्यं मोडकी होती पण कुणाला अडचण आली नाही.

कुठं जाता येतं म्हणाल तर लेझर बनवायला इंदूर, अणू थंड करायला आणि क्वांटम ऑप्टिक्सला बेंगळुरूचं रामन इन्स्टिट्यूट, अहमदाबादचं पीआरएल, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर, आणि फोटॉनिक्सची खास शाळा कोचीला आहे. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सुमारे ६००० कोटी मंजूर झालेत, २०३०-३१ पर्यंत चालेल, म्हणजे सध्या जागा निघतायत. क्वांटम सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, केंद्र तर आयआयटी मुंबईतच आहे.

आणि पीएचडी करायची नसेल तरी हे क्षेत्र आपल्या दारात आहे. वाळूजला पत्रा कापायच्या लेझर मशिनी आहेत ना, त्यांच्या आत यिटर्बियम नावाचं मूलद्रव्य घातलेली फायबर असते आणि तिच्यातूनच ते किलोवॅटचे बीम निघतात. ऑप्टिकल फायबरचा कारखानाही छत्रपती संभाजीनगरातच आहे, स्टरलाईटचा, काचेच्या जाड दांडीपासून ओढून १२५ मायक्रॉनचा धागा काढतात. डिप्लोमा, बीएस्सीवाल्यांनी इकडे नक्की बघावं, माझा मामेभाऊ मशीन सर्व्हिसला आहे आणि लेन्स पुसायचं काम तो माझ्याहून चांगलं करतो, मी त्याच्याकडूनच शिकले.

आता घरी काय करता येईल. सॅनिटायझरच्या पातळ स्पिरिटमध्ये आपली हळद ढवळा, वरचं पिवळं पाणी काचेच्या छोट्या बाटलीत काढा, दिव्यापासून लांब, आणि अंधारात त्यातून जांभळा लेझर पॉइंटर बाजूनं सोडा, डोळ्यात जाणार नाही असा. आत जांभळा जातो आणि वाट हिरवी पेटते. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा फोटॉन घेतं, थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरीत घालवतं, उरलेल्या कमी ऊर्जेचा हिरवा फोटॉन सोडतं. मी हे आमच्या ओसरीवर केलं तर आजी कितीतरी वेळ बाटली हातात धरून बसली होती, आपल्याच वावरातली हळद म्हणून.

दुसरं, जुनी सीडी. तिच्यावरच्या रेघांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं, म्हणजे ती ग्रेटिंगच झाली. पुठ्ठ्याला भोक पाडून लाल पॉइंटर त्यातून सीडीवर सरळ मारा, बाजूला परत आलेल्या ठिपक्याचं भोकापासून अंतर आणि सीडीपासून पुठ्ठ्याचं अंतर टेपनं मोजा, त्यावरून कोन काढा, त्याची साईन १६०० नॅनोमीटरनं गुणा, लेझरची तरंगलांबी निघते.

असं स्वतः घेतलेलं रीडिंग तुमच्या पहिल्या मेलमध्ये जाऊ द्या. लॅबला उन्हाळी इंटर्नशिपसाठी मेल करताना पोरं मला क्वांटमची फार आवड आहे असं लांबलचक लिहितात, असे शेकडो मेल येतात. तुम्ही चार ओळी लिहा. माझ्या मेलमधल्या ओळी अशा होत्या: सीडी पुठ्ठ्यापासून एक मीटरवर ठेवली, ठिपका ४३.५ सेंटीमीटरवर आला, तरंगलांबी ६३८ नॅनोमीटर निघाली, पॉइंटरवर मात्र ६५० लिहिलंय. परत मोजल्यावर कळलं की अंतर मी सीडीपासून मोजायच्या ऐवजी तिच्या मागच्या ठोकळ्यापासून मोजलं होतं, खरं अंतर ९८ सेंटीमीटर होतं, ते घातल्यावर ६४९ आली. त्याच संध्याकाळी उत्तर आलं, सोमवारपासून येऊ शकाल का म्हणून.