घड्याळाची चेन ढिली का पडते, आणि ती कशी जपायची

घड्याळाची स्टीलची चेन ‘ताणली’ असं सगळेच म्हणतात. खरं तर स्टील ताणलं जात नाही. मनगटावर घातलेल्या घड्याळाचा भार कडी लांबवण्याइतका कधीच नसतो. दोन कड्या जोडणारी पिन घासून बारीक होते, ती ज्या भोकात बसते ते भोक लांबट होतं, आणि सांध्यात जागा तयार होते. एका सांध्यात ०.१ मिलिमीटर झीज डोळ्याला दिसत नाही. पण अशा २० सांध्यांची मिळून २ मिलिमीटर होते, आणि घड्याळ हातावर फिरायला लागतं.

घासतं कोण? मळ. घाम, सुटलेली कातडी, हाताला लावलेलं तेल किंवा क्रीम यांचा चिकट थर पिनेभोवती साचतो आणि त्यात धूळ अडकते. मातीतल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात, आणि ते चेनच्या स्टीलपेक्षा बरेच कठीण असतात. हात हलला की प्रत्येक सांधा थोडा वळतो, आणि ही ओली धूळ आतून पॉलिश पेपरसारखी चालते. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणारी चेन आतून झिजत असू शकते.

बेळगाव भागात या मळाचे प्रकार गावागणिक बदलतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करणाऱ्यांच्या हातावर मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायची, वाळू असते. ती मुख्यतः सिलिका, म्हणजे तेच क्वार्ट्झ. चेनला याहून वाईट काही नाही. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतली भुकटी स्वतः मऊ असते, पण घामात चिकट होऊन दुसरी धूळ धरून ठेवते. चिकोडी-अथणीकडे उन्हाळ्यात दुचाकीवर एक फेरी मारली की चेनच्या फटी भरतात. खानापूर-जांबोटी पट्ट्यात धूळ कमी, पण पावसाळ्यात चेन आतून सुकतच नाही, आणि स्प्रिंग पिना (चेन घड्याळाला आणि लॉकला जोडणाऱ्या, टोक दाबलं की आत जाणाऱ्या पिना) गंजतात.

झीज किती झाली ते आधी बघा

लॉक बंद ठेवा. घड्याळ फक्त डबीला, म्हणजे काच आणि डायल असलेल्या भागाला, धरा आणि चावीची बाजू वर, ९ चा आकडा खाली येईल असं कुशीवर करा. आता सगळ्या पिना उभ्या आहेत, त्यामुळे कड्यांना खाली दुमडता येत नाही. चेन खाली झुकली तर ती फक्त सांध्यांतल्या जागेमुळे. नवी चेन जवळजवळ आडवी राहते, झिजलेली कमानीसारखी खाली येते. मागे आलेखाचा कागद लावून फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही. वेगळ्या बनावटीच्या दोन चेनची तुलना मात्र करू नका: पाच बारीक कड्यांच्या रांगेची चेन मुळातच तीन रुंद कड्यांच्या चेनपेक्षा जास्त लवचिक असते.

माप

ढिली चेन दिवसभर पुढे-मागे सरकते, प्रत्येक सरकण्यात सगळे सांधे वळतात, शिवाय टेबलाच्या कडेला आपटते. फार घट्ट चेनवर सतत ओढ राहते आणि घाम आत कोंडतो. लॉक लावल्यावर चेन आणि मनगट यांच्यामध्ये करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी जागा ठेवा. उन्हाळ्यात आणि दिवस कलताना मनगट थोडं फुगतं, म्हणून माप संध्याकाळी घ्या. कड्या काढताना दोन्ही बाजूंनी शक्य तितक्या सारख्या काढा, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली बसेल. थोडाच फरक हवा असेल तर कडी काढू नका. बहुतेक लॉकच्या कडेला बारीक भोकं असतात, स्प्रिंग पिन एका भोकातून पुढच्या भोकात सरकवली की काम होतं.

धुणं

हे एक काम नियमाने केलं तरी चेनचं आयुष्य कितीतरी वाढतं. ऑफिसात बसणाऱ्याने महिन्यातून एकदा, शेतात, फौंड्रीत किंवा वखारीत जाणाऱ्याने आठवड्यातून एकदा.

चेन घड्याळापासून काढूनच धुवा. चेन ज्यांच्यामध्ये बसते त्या डबीच्या पायांना आतून-बाहेरून कागदी टेप लावा, नाहीतर हत्यार घसरून ओरखडा पडतो. स्प्रिंग पिनेचं टोक बारीक दोन दातांच्या हत्याराने आत दाबा आणि चेन बाजूला घ्या. पिन उडते, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरा.

एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे ५-६ थेंब पुरतात. चेन १५ मिनिटं भिजू द्या. मग पाण्यातच एकेक सांधा दोन्ही बाजूंनी वाकवत मऊ टूथब्रशने घासा. वाकवणं महत्त्वाचं, कारण मळ सांधा वळल्यावरच बाहेर येतो. सरळ चेन कितीही घासली तरी वरचीच धूळ निघते. पाणी काळपट होतं, ते बदला आणि स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. लॉकच्या आतली घडी विसरू नका, सगळ्यात जास्त मळ तिथेच असतो.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं. ते सांध्यात सुकलं की पांढरा थर धरतो आणि चेन करकरते. शेवटचं खंगाळणं क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरच्या पाण्याने करा. मग चेन झटका, सुती कापडात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. पावसाळ्यात रात्रही पुरत नाही. हेअर ड्रायरची थंड किंवा कोमट हवा फिरवा.

तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, राख किंवा टूथपेस्ट वापरू नका. ते घासणारे पदार्थ आहेत आणि सांध्यात अडकले तर आपणच झीज वाढवतो. ब्लीचमधला क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतो. चोर्ला घाटातून गोव्याला समुद्रावर जाऊन आलात तर त्याच संध्याकाळी चेन गोड्या पाण्यात धुवा, कारण मिठाचा परिणामही तसाच होतो. आणि कड्यांत तेल सोडू नका. करकर दोन दिवस थांबते, पण तेल धूळ ओढून घेतं आणि तीच घासणारी लगदी पुन्हा तयार होते.

पिना

बऱ्याच चेनमध्ये कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि उलट दिशेने परत घालायची. दुभागलेली पिन असेल तर तिचा फाटलेला भाग सगळ्यात शेवटी आत जातो. उलटी घातली तर भोक खराब होतं. काही चेनमध्ये मधल्या कडीत एक छोटी नळी असते आणि पिन तिच्यातच आवळून बसते. पिन काढताना ही नळी गुपचूप खाली पडते. ती परत न घालता पिन बसवली तर दिसायला सगळं ठीक, पण काही दिवसांत पिन सरकून बाहेर येते आणि घड्याळ रस्त्यावर पडतं. स्क्रूच्या पिना असतील तर खाचेच्या रुंदीचाच पेचकस घ्या आणि बसवताना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सुटू न देणारा गोंद) सुईच्या टोकाएवढं लावा.

पिन वारंवार काढली-घातली तर तिची पकड जाते. बोटाने दाबून आत जाणारी पिन बदलाच. स्प्रिंग पिना दीड-दोन वर्षांनी नव्या घ्या, महाग नसतात. नेताना घड्याळ सोबत न्या. लांबीची १८, २० आणि २२ मिलिमीटर अशी मापं नेहमीची, पण जाडी सुद्धा जुळावी लागते.

जुन्या आणि वेगळ्या चेन

पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांची चेन, जशी एचएमटीच्या काळातल्या अनेक घड्याळांना असायची, भरीव कडीपेक्षा लवकर झिजते, कारण पिनेला टेकायला पत्र्याची जाडीच तेवढी असते. ती ढिली झाल्यावर कोणी पकडीने कड्या दाबून देत असेल तर थांबवा. पत्रा चेपतो, वाकण्याच्या जागी चिरतो, आणि ढिलाई थोड्या दिवसांत परत येते. स्प्रिंगची चेन (लॉक नसलेली, ताणून हातात घालायची) असेल तर हात घालताना गरजेपेक्षा रुंद ओढू नका, आणि काम करताना ती कोपराकडे वर चढवून ठेवू नका; स्प्रिंग तशाच ताणलेल्या राहून मरतात. सोन्याची चेन मऊ असल्याने जास्त लवकर झिजते. गोल्ड प्लेटेडवर ब्रश अगदी हलका चालवा, मुलामा गेला की परत येत नाही.

लेथवर किंवा कोणत्याही फिरत्या मशीनवर घड्याळ घालूच नका. तिथे प्रश्न चेनचा नसतो, हाताचा असतो.

भरीव कडीची चेन झिजली तर कुशल कारागीर भोक सारखं करून किंचित जाड पिन बसवतो. पण भोकाभोवती पुरेसं स्टील उरलेलं असेल तरच. भोकाची कड कागदासारखी पातळ दिसत असेल, किंवा लॉकजवळच्या कडीला चीर गेली असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवी चेन घ्या आणि डबीला चिकटणारी वळणदार शेवटची कडी तुमच्या मॉडेलचीच आहे ना, हे दुकानातच बसवून बघा.