स्मार्ट घराचं मेश सारखं तुटतंय? या चुका टाळा

"सेन्सर गायब झालाय" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं?

झिगबी म्हणजे स्मार्ट उपकरणांची एकमेकांशी बोलायची बिनतारी पद्धत. तिच्या मेशमध्ये, म्हणजे उपकरणांनी मिळून विणलेल्या जाळ्यात, कायम विजेवर असलेले प्लग आणि बल्ब इतरांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात. जागे झाले की फक्त स्वतःचं सांगतात. त्यामुळे वीस सेन्सर बसवले तरी मेश जराही मजबूत होत नाही.

माझ्या घरी मागच्या दाराचा सेन्सर रोज रात्री अकरानंतर ऑफलाइन जायचा. मी बॅटरी बदलली, तीनदा नव्याने पेअर केला, शेवटी नवा सेन्सर आणला. तोही तसाच. मग एका रात्री नेटवर्कचा नकाशा उघडून बसलो, तेव्हा दिसलं की सेन्सर पॅसेजमधल्या स्मार्ट बल्बमार्फत हबशी (सगळी उपकरणं सांभाळणाऱ्या केंद्राशी) बोलतोय, आणि झोपायला जाताना घरातलं कुणीतरी सवयीने त्या बल्बचं बटण बंद करतंय. काही सेन्सर अशा वेळी दुसरा रस्ता शोधतात. हा सकाळपर्यंत त्याच बल्बची वाट बघत राहायचा. पॅसेजमध्ये एक स्मार्ट प्लग लावला, सेन्सर त्याच्यामार्फत जोडला आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून बल्बला मी राउटर, म्हणजे निरोप पुढे नेणारं उपकरण, म्हणून धरतच नाही.

दुसरी चूक डोंगलची, म्हणजे कॉम्प्युटरला झिगबीशी जोडणाऱ्या छोट्या यूएसबी उपकरणाची. तो कॉम्प्युटरच्या यूएसबी 3.0 पोर्टमध्ये थेट खुपसतात आणि शेजारीच वाय-फाय राउटर ठेवतात. यूएसबी 3.0 चा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झमध्ये पसरतो आणि झिगबीही तिथेच चालतं. साधी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब न्या. वाय-फाय चॅनेल 1 वर असेल तर झिगबीचे 11 ते 14 त्याच्याखाली दबतात. मी 25 ठेवतो. हे पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर चॅनेल बदललं की काही उपकरणं परत जोडावी लागतात.

हबजवळ पेअर करून सेन्सर लांबच्या खोलीत नेऊ नका. जिथे बसवायचा तिथेच जोडा. आधी प्लग, मग सेन्सर.

झेड-वेव्ह ही झिगबीहून वेगळी बिनतारी पद्धत, तिचा प्लग झिगबीचे निरोप नेत नाही.

आणि नवा प्लग लावल्यावर पाच मिनिटांत सगळं रीसेट करत सुटू नका. ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. रस्ते नव्याने जुळायला वेळ लागतो. मी पूर्ण एक दिवस थांबतो, मगच नकाशा बघतो.